पाण्यापर्यंतची वाट

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांत साठी गाठलेली मंडळी जमली की बोलणे हमखास फ्लोरिडावर येते. न्यू जर्सी, मिशिगन, मिनेसोटातले तीस-पस्तीस हिवाळे त्यांनी काढले. मुले मार्गाला लागली, घराचे कर्ज फिटले. आता दारातला बर्फ उपसायचा नाही, वर्षभर अंगावर ऊन हवे आणि सकाळी उठून गळ घेऊन पाण्यावर जाता यावे, एवढे साधे मागणे असते. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, हे त्यात जमेला धरले जाते.

या इच्छेला कोणी हौस म्हणून बाजूला सारू नये. ज्या पिढीने राहण्याचे गाव कायम नोकरी आणि मुलांची शाळा पाहून निवडले, तिने एकदा तरी स्वतःच्या आवडीसाठी गाव निवडावे. मोकळ्या हवेत जगण्याची, पाण्याशी सलगी करण्याची ओढ खरी आहे आणि म्हातारपणी तिला वेळ देणे शहाणपणाचेही आहे.

मात्र हा हिशेब मांडताना एक रकाना रिकामा राहतो. घराची किंमत, विमा, इस्पितळ, विमानतळ, देऊळ, देशी किराणा यांची चौकशी होते. पाण्यापर्यंत जाणारी वाट कोणाच्या मालकीची आहे, मासा धरायचा हक्क कोणाला आहे आणि तो दहा वर्षांनी टिकेल का, हे फारसे कोणी विचारत नाही. पाण्याकाठचे जगणे मात्र त्यावरच ठरते. हे समजून घ्यायचे तर फ्लोरिडाच्या आधी नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरकडे पाहायला हवे.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले बाजाराचे गाव, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे. पश्चिमेला थोडे पुढे गेले की गुजरातची हद्द लागते. सागबारा, देडियापाडा, नेत्रंग मागे टाकत तोच रस्ता अंकलेश्वरला पोहोचतो, म्हणजे नर्मदा जिथे समुद्राला मिळायला निघते त्या भरूचच्या टापूत. गावाच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि त्या ओलांडल्या की खाली पुन्हा नर्मदाच. एकाच नदीचे डोंगरातले पात्र एका बाजूला आणि तिचे मुख दुसऱ्या बाजूला, अशा जागी हे गाव वसले आहे.

देशातला सर्वांत लांब समुद्रकिनारा असलेले राज्य या लोकांच्या अगदी दाराशी आहे. हद्द त्यांना परकी नाही. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेच्या यात्रेला महाराष्ट्रातले आदिवासी मोठ्या संख्येने सागबारा तालुक्यात जातात. सोयरिकी दोन्हीकडे आहेत. ऊसतोडीच्या हंगामात अक्कलकुवा-धडगावची कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मुक्कामाला जातात. गुजरातला जाणे ही इथली जुनी वहिवाट आहे. तरीही एका पिढीतल्या लोकांसाठी ते जाणे वेगळे ठरले, कारण जाण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.

नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ मध्ये अंतिम झाला. गुजरातेतल्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली. धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे मराठी मुलखातले गाव मणिबेली. ज्या विस्थापितांना गुजरातेत जाऊन राहायचे असेल त्यांना तिथे लाभक्षेत्रात जमीन द्यावी, असे निवाड्यात होते. मणिबेलीतली बरीच वसावे आदिवासी कुटुंबे अशा रीतीने वडोदऱ्याकडच्या परवेटा इथल्या वसाहतीत गेली. जी राहिली त्यांनी नर्मदा बचाओ आंदोलनाबरोबर पावसाळ्यामागून पावसाळा सत्याग्रह केला. जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स आयोगाचा धरणाविषयीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला आणि मार्च १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले. त्यामुळे धरणाचे काम थांबले नाही. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले.

परवेट्याला काय झाले, याचा बारकाईने अभ्यास रोक्सॅन हकीम यांनी केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द डॅम अँड द नेशन' या संग्रहात त्यांचा लेख आहे. मक्यापासून कापसापर्यंतचा प्रवास हा त्याचा विषय. डोंगरात वसाव्यांच्या शेतात एका वेळी अनेक पिके असत. त्यांच्या जोडीला जंगलातून फळे, भाज्या, मोहाची फुले, डिंक आणि नदीतून मासा. पैसा हातात कमी, पण पोटाला लागणारे बहुतेक सारे चालत जाऊन आणता येई. नव्या जागी शेत सपाट आणि पीक कापसाचे. कापूस विकायचा आणि धान्य विकत घ्यायचे. जळण आणि चारा यांचाही प्रश्न उभा राहिला. नदी उरली नाही, म्हणून मासाही विकत.

निवाड्याने जमिनीची भरपाई ठरवली होती. पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन, सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब. आपल्याकडच्या आधीच्या धरणांशी तुलना केली तर हे पुष्कळ पुढचे पाऊल होते. पण नदीचा सातबारा नसतो. डोहात पाग टाकायचा, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठच्या गाळात पीक घ्यायचे, हे हक्क कोणत्याही उताऱ्यावर नोंदलेले नव्हते, म्हणून त्यांची किंमत कोणी मांडलीच नाही. जे वनजमीन कसत होते, त्यांच्या तर शेतालाही अतिक्रमण म्हटले गेले आणि बरोबरीच्या हक्कासाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले.

याची दुसरी बाजू आहे, आणि ती मांडल्याशिवाय बोलणे प्रामाणिक होणार नाही. सातपुड्याच्या आतल्या पाड्यांत आजही आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. मोलगी-धडगावचे कुपोषण महाराष्ट्राला ठाऊक आहे. सपाटीवर एसटी येते, शाळा जवळ असते, विहिरीला पाणी लागते. महाराष्ट्रातच राहिलेल्या अनेकांना तळोदा तालुक्यातल्या मोकळ्या केलेल्या वनजमिनीवर सोमावल, रोझवा, रेवानगर अशा वसाहतींत जागा मिळाली. तिथे वाढलेल्या कित्येक मुलांना डोंगरात परत जायचे नाही. त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. डोंगरातले जगणे गोड होते, असा इथे दावा नाही. दावा एवढाच की त्या जगण्यातला जो भाग नदीवर उभा होता, तो जमिनीच्या बदल्यात जमीन देऊन भरून निघाला नाही.

जे काठावरच, थोडे वर सरकून राहिले, त्यांच्या वाट्याला आता २१४ किलोमीटर लांबीचा जलाशय आला आहे. धरणाचे दरवाजे बंद करायला २०१७ मध्ये परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकले. मणिबेली, चिमलखेडीसारख्या गावांना वाहतुकीसाठी होडीचाच आधार उरला. पाणी एवढे, मग मासेमारीला तोटा कुठला, असे लांबून वाटते. प्रत्यक्षात मासाच बदलतो. नर्मदेचा महसीर वाहत्या, स्वच्छ, गोटे असलेल्या पाण्यातला. थांबलेल्या पाण्यात त्याचे प्रजनन होत नाही. त्याच्या जागी बीज सोडलेले कटला, रोहू, मृगळ येतात. गुडघाभर पाण्यात पाग फेकणाऱ्याला आता होडी लागते, खोल पाण्यात लावायची लांब जाळी लागतात, बर्फ लागतो आणि धरलेला मासा खराब व्हायच्या आत खापर-अक्कलकुव्याच्या बाजारापर्यंत पोहोचवणारी गाडी लागते. हे सगळे व्यापाऱ्याकडून उचल घेऊन उभे केले, तर भाव व्यापारीच ठरवतो.

म्हणून हक्काचा प्रश्न इथे सर्वांत आधी येतो. जलाशयाखाली ज्या राज्याची जमीन बुडाली, त्या भागातल्या मासेमारीचा आणि होड्या चालवण्याचा हक्क त्या राज्याकडे राहील, असे लवादानेच ठरवून दिले आहे. म्हणजे नंदुरबारच्या बाजूच्या पाण्यात कोणी जाळे टाकायचे, हे महाराष्ट्र ठरवू शकतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात सामुदायिक हक्कांची यादी आहे आणि तिच्यात पाण्यातल्या माशाचा स्पष्ट उल्लेख आहे. अक्कलकुवा हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका, तेव्हा ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदाही लागू. विस्थापितांनी आपल्या मच्छीमार सोसायट्या काढल्या आहेत आणि मासेमारीचा हक्क ठेकेदाराला न देता या सोसायट्यांना द्यावा, ही त्यांची मागणी आहे. ती न्याय्य आहे. ज्यांचे घर, शेत आणि देव या पाण्याखाली आहेत, त्यांच्याआधी दुसऱ्या कोणाचा क्रमांक लागू शकत नाही.

हे चालते का, असे विचारणाऱ्याने शेजारच्या मध्य प्रदेशातले तवा धरण पाहावे. तिथे विस्थापित आदिवासींना आपल्याच बुडालेल्या गावांवरच्या पाण्यात मासे धरल्याबद्दल चोर ठरवले जात होते. किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यानंतर १९९६ मध्ये त्यांच्या सहकारी संघाला पाच वर्षांसाठी मासेमारीचे हक्क मिळाले. संघाने तलावात बीज सोडले, प्रजननाच्या काळात मासेमारी बंद पाळली, विक्री हातात घेतली. उत्पादन वाढले आणि धरणाऱ्याच्या हातात पडणारा पैसाही वाढला. पुढे आणखी पाच वर्षे मिळाली. मग जलाशय सातपुड्याच्या संरक्षित वनक्षेत्रात येतो, या कारणाने हक्क पुढे चालू ठेवला गेला नाही. दहा वर्षे उत्तम चाललेले काम एका नियमाने खाली बसले. हक्क मिळवणे जितके अवघड, तितकेच तो टिकवणेही अवघड, हे तव्याने दाखवले.

आता फ्लोरिडाकडे या. तिथे पाण्याचा हक्क सामान्य माणसाला मिळणे फारच सोपे आहे, आणि त्याबद्दल त्या राज्याचे कौतुक करायला हवे. राज्यातल्या रहिवाशाला खाऱ्या किंवा गोड्या पाण्यातल्या गळाच्या मासेमारीचा वार्षिक परवाना १७ डॉलरला मिळतो. पासष्ट वर्षांवरच्या रहिवाशाला तोही लागत नाही. किनाऱ्यावर उभे राहून खाऱ्या पाण्यात गळ टाकायचा असेल, तर रहिवाशांसाठी फुकट परवाना आहे. बाहेरच्या माणसाला मात्र वर्षाचे ४७ डॉलर. स्नूकसारखा मासा ठरावीक महिन्यांतच, ठरावीक लांबीचा आणि माणशी एकच घेता येतो. हे नियम जाचक वाटले तरी मासा टिकून आहे तो त्यांच्यामुळे. ज्याला निवृत्तीनंतर तिथे रमायचे आहे, त्याने घराच्या कागदपत्रांइतक्याच आस्थेने हे नियम वाचावेत.

त्या सोयीची किंमत कोणी मोजली, हेही ठाऊक असावे. नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी ७२ टक्के मतांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून राज्याच्या पाण्यातली गिलनेट जाळी बंद केली. १ जुलै १९९५ पासून ती अमलात आली. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा या मोहिमेत मोठा पुढाकार होता. मत्स्यसाठ्यासाठी ते हिताचे झाले, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पण मॅनटी परगण्यातल्या कॉर्टेझसारख्या जुन्या कोळी गावांचा मुलेट माशाचा धंदा या बंदीने मोडला. उत्तरेकडून येणारा निवृत्त माणूस या इतिहासाच्या वरच्या पायरीवर येऊन बसतो. तो तिथला मतदारही होतो. पुढच्या वेळी अशा प्रश्नावर मत देताना त्याला कॉर्टेझ ठाऊक असायला हवे, आणि मराठी मतदाराला तर मणिबेलीही.

वाटेचा प्रश्नही तिथे आहे. फ्लोरिडात भरतीच्या सरासरी रेषेखालची ओली वाळू सर्वांची, पण तिच्या वरची कोरडी वाळू अनेक ठिकाणी घरमालकांची. वॉल्टन परगण्यात यावरून वर्षानुवर्षे भांडण चालले. २०१८ मध्ये राज्याने कायदा करून स्थानिक सरकारांना लोकांच्या वहिवाटीचा हक्क परस्पर घोषित करणे अवघड केले आणि २०२५ मध्ये तो कायदा मागे घेतला. समुद्राला लागून घर घेणारा मराठी माणूस या भांडणात आपोआप एका बाजूला जाऊन उभा राहतो. त्याने तिथे कुंपण घालू नये, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एक-दोन मैल आत, उंचावर घर घ्यावे आणि सार्वजनिक धक्का, होडी उतरवायची सरकारी उतरण आणि पूल यांवर मासे धरावेत. त्यात पैसा वाचतो, शेजार मिळतो आणि वाट सर्वांसाठी मोकळी राहते.

आत राहण्याला दुसरेही कारण आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन वादळ फोर्ट मायर्सजवळ किनाऱ्याला धडकले. फोर्ट मायर्स बीचची घरे पाण्याने उचलून नेली, कोळंबीच्या बोटी जमिनीवर येऊन पडल्या. अनेक खासगी विमा कंपन्यांनी त्या राज्यातून अंग काढून घेतले आहे आणि विम्याचे हप्ते प्रचंड वाढले आहेत. २०१७ च्या शेवटी सुरू झालेली लाल भरती, म्हणजे विषारी शेवाळाची वाढ, २०१९ च्या आरंभापर्यंत मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर टिकली. त्या काळात मेलेल्या माशांचे खच वाळूवर पडत होते आणि दमेकऱ्यांना किनाऱ्यावर जाणे अशक्य होते. मासेमारीसाठी गाव बदलणाऱ्याने ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने भाड्याच्या घरात काढून पाहिल्याशिवाय सही करू नये.

काहींचे मन फ्लोरिडाऐवजी मालवण, गुहागर किंवा गोव्याकडे ओढ घेते. तिथे कायदा आडवा येतो आणि तो योग्यच आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या किंवा अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या देशवासीयालाही शेतजमीन सहजी घेता येत नाही. या अटीला वळसा घालून भावाच्या, पुतण्याच्या नावावर जमीन घेण्याचे सल्ले मंडळांत सर्रास दिले जातात. ते ऐकू नयेत. त्यात कायदा मोडतोच, शिवाय घरात भांडणही शिरते. सदनिका किंवा बिगरशेती जागेवरचे घर घेता येते, तेवढे पुरेसे आहे.

या किनाऱ्यावरही पाण्याचा हक्क कोणीतरी लढून राखला आहे. गोव्यातल्या रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या रापण जाळ्याने मासे धरणाऱ्यांनी, सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध जे आंदोलन उभारले, त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. मतानी साल्ढाणा हे त्या लढ्यातले ठळक नाव. सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमार पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध आजही झगडत आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. परतून आलेल्या पाहुण्याने त्या दोन महिन्यांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये आणि एरवी मासा रापणीवर किंवा लिलावात, कोळ्याच्या भावाने घ्यावा. गावात स्थान मिळवायचा याहून सरळ उपाय दिसत नाही.

राहिला प्रश्न मंडळांचा. दरवर्षी मंडळांकडून महाराष्ट्रात देणग्या जातात. शाळा, दवाखाने, दुष्काळ यांना त्यांचा उपयोगही होतो. अक्कलकुवा-धडगावच्या मच्छीमार सोसायट्या या यादीत दिसत नाहीत. त्यांना हव्या असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत: होड्या, जाळी, बर्फाच्या पेट्या, लाइफ जॅकेट, खापरपर्यंत माल आणणारे एखादे वाहन आणि हिशेब लिहायला शिकलेली त्यांच्याच पाड्यातली दोन मुले. परदेशातल्या मंडळाला पैसा द्यायचा तर तो एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेमार्फत द्यावा लागतो, तेव्हा आधी तशी संस्था शोधावी आणि सोसायटीशी तिचा लेखी करार पाहावा. यापेक्षाही महत्त्वाचे काम पत्राचे आहे. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याला मंडळांनी सह्यांनिशी लिहावे की सरदार सरोवराच्या महाराष्ट्रातल्या पाण्यावरचा हक्क विस्थापितांच्या सोसायट्यांना किमान दहा वर्षांसाठी द्यावा, आणि तव्यासारखा तो मध्येच काढून घेता येणार नाही, अशी अट कागदावर असावी. हिवाळी स्नेहसंमेलनात सगळे एकत्र येतात. हा मसुदा त्याच दिवशी सह्यांसाठी फिरवता येईल.